दुसऱ्याच्या भाषेचे ओझे

१९२४ सालच्या जून महिन्यात ढाक्याच्या विद्यापीठातील एका तरुण अध्यापकाने बर्लिनला एक पत्र धाडले. सोबत पाचसहा पानांचा एक लेख जोडला होता. पत्र आइन्स्टाइनला होते, पाठवणारे होते सत्येंद्रनाथ बोस. ओळखदेख काही नाही. लेख छापण्याजोगा वाटला तर जर्मनीतल्या एखाद्या शास्त्रीय पत्रिकेत तो छापवून आणावा, आणि आपल्याला त्याचे भाषांतर करण्याइतकी जर्मन येत नाही, एवढेच काय ते मागणे व एवढीच काय ती अडचण. आइन्स्टाइनने तो इंग्रजी लेख स्वतः जर्मनमध्ये उतरवला, शेवटी भाषांतरकार या नात्याने या लेखाने महत्त्वाचे पाऊल पुढे टाकले आहे अशी टीप जोडली, आणि त्याच वर्षी तो प्रसिद्ध करवला. पुढचा इतिहास शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. एका जातीच्या कणांना आज सारे जग ‘बोसॉन’ म्हणते ते या पत्रामुळे.

ही हकिगत आपण दरवेळी बोसबाबूंच्या बुद्धीची म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण मला तिच्यातला भाषांतरकार अधिक विचार करायला लावतो. जगातला त्या काळचा सर्वांत नामांकित शास्त्रज्ञ एका अनोळखी माणसाच्या लेखाचा कारकून होतो, त्याची वाक्ये आपल्या भाषेत एकेक करून बसवतो, आणि त्यात आपले काही कमी झाले असे त्याला वाटत नाही. वाचकहो, आणखी एक गंमत पाहा. बोस यांना जर्मन मुळीच येत नव्हती असे नव्हे. मेघनाद साहा यांच्यासह त्यांनी आइन्स्टाइनच्याच सापेक्षतेवरील लेखांचे जर्मनमधून इंग्रजी भाषांतर केले होते व कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० साली प्रसिद्धही केले होते. म्हणजे जर्मन वाचून समजण्याइतकी भाषा त्यांच्याजवळ होती. जर्मनमध्ये बोलते होण्याइतकी नव्हती. परक्या भाषेत ऐकणे निराळे आणि परक्या भाषेत सांगणे निराळे. ऐकताना माणूस पाहुणा असतो, चुकलामाकला तरी निभावून जाते. सांगताना मात्र त्याला घरच्या धन्यासारखे वागावे लागते.

दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. तेव्हा अपुरी पडलेली भाषा इंग्रजी होती! पदार्थविज्ञानाची चर्चा ज्या भाषेत मुख्यतः चाले ती जर्मन होती. ज्या इंग्रजीपुढे आज मेक्सिकोपासून मनिलापर्यंतचे विद्वान हात जोडून उभे असतात, त्याच इंग्रजीतला लेख त्या दिवशी भाषांतराची वाट पाहत होता. त्याच्याही मागे गेलो तर न्यूटनने आपला मोठा ग्रंथ १६८७ मध्ये लॅटिनमध्ये लिहिला, कारण विद्वानांची भाषा ती. १७०४ साली प्रकाशावरचा ग्रंथ त्याने इंग्रजीत लिहिला खरा, पण दोनच वर्षांनी त्याचे लॅटिन भाषांतर काढावे लागले. नाहीतर युरोपात तो वाचणार कोण? ज्ञानाच्या बाजारातली नाणी बदलत असतात. मात्र एकेका पिढीचे सारे आयुष्य एकाच नाण्यात जाते, म्हणून तिला ते नाणे सनातन वाटते.

एक समाईक भाषा असणे हा अन्यायच आहे असे मला म्हणायचे नाही. काश्मीरचा अभिनवगुप्त कांचीच्या पंडिताला वाचता येत असे तो संस्कृतमुळेच. जपानी, ब्राझिली आणि मराठी संशोधक आज एकमेकांचे लेख वाचू शकतात ते इंग्रजीच्या कृपेने. ही कृपा नाकारणारा कृतघ्न म्हणावा लागेल. प्रश्न समाईक भाषा असावी की नसावी हा नव्हेच. ती भाषा ज्यांच्या घरातली नाही त्यांनी तिथवर जाण्याचा खर्च एकट्याने सोसावा काय, हा प्रश्न आहे. रस्ता सर्वांचा, पण टोल मात्र लांबून येणाऱ्यांनीच भरायचा, असे हे चालले आहे.

हा टोल किती, याचा हिशेब अलीकडे काहींनी मांडला आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आठ देशांतील पर्यावरणाच्या ९०८ अभ्यासकांना विचारणा झाली. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांचा लेख निव्वळ भाषेच्या कारणावरून परत येण्याचे प्रमाण इंग्रजी मातृभाषा असलेल्यांच्या सुमारे २.५ पट निघाले. आणि भाषा सुधारून आणा असे सांगितले जाण्याचे प्रमाण सुमारे १२.५ पट. वाचायला व लिहायला लागणारा जादा वेळ निराळाच. तरुण अभ्यासकाचे या वाटेने वर्षाकाठी किती दिवस जातात हे ज्याचे त्याने मोजावे. तेवढ्या दिवसांत त्याचा इंग्रज समवयस्क दुसरा लेख लिहून मोकळा होतो, आणि मग नेमणुकीच्या वेळी दोघांच्या लेखांची संख्या शेजारी शेजारी ठेवून मोजली जाते.

पण माझ्या मते या आकड्यांपेक्षा मोठे नुकसान दुसऱ्या बाजूला होते, आणि ते सोसणाऱ्याला त्याची जाणीवही नसते. कियोसी इतो या जपानी गणितज्ञाने यदृच्छेने बदलत जाणाऱ्या गोष्टींचे गणित १९४२ साली मांडले ते जपानी भाषेत, युद्धाच्या धामधुमीत चक्रमुद्रित होऊन निघणाऱ्या एका पत्रिकेत. त्याने स्वतःच ते पुढे इंग्रजीत आणीपर्यंत जगाच्या मोठ्या भागाला त्याचा पत्ता नव्हता. आज शेअरबाजाराच्या उलाढालींपर्यंत ते गणित पोचले आहे. चीनमध्ये तू यूयू व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रानटी वनस्पतीतून हिवतापावरचे औषध काढले, त्यावरचा पहिला निबंध १९७७ साली चिनी भाषेत निघाला. त्यांना नोबेल पारितोषिक मिळायला २०१५ साल उजाडले. येथे सारा दोष भाषेच्या माथी मारणे बरे नव्हे. ते काम सैन्यासाठी चाललेले व गुप्त होते, हे कारण मोठे. पण २००४ सालच्या प्रसंगात तशी सबब नाही. चीनमधल्या डुकरांना पक्ष्यांच्या तापाची लागण झाल्याचे निबंध चिनी पत्रिकांत छापून आले होते, उघडपणे, कोणीही वाचावे असे. आणि जागतिक आरोग्य संघटनेला कितीतरी काळ ते ठाऊक नव्हते. लिहिणारा लिहून बसला होता, वाचणाऱ्याला भाषा येत नव्हती. आता यात अडाणी कोण?

शब्द जरा कडक झाला, पण तो मी मुद्दाम वापरला. ज्याला इंग्रजी येत नाही त्याला अडाणी म्हणायची आपल्याकडे रीत आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हा शब्द कोणकोणत्या सुरात उच्चारला जातो ते मला चांगले माहीत आहे. परंतु ज्याला इंग्रजीवाचून दुसरी कोणतीच भाषा येत नाही अशा विद्वानाला तो शब्द कोणी लावलेला मी ऐकला नाही.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाला दोन तऱ्हेची उत्तरे फार पूर्वीच देऊन झाली आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांचे उत्तर सरळ होते: मी मराठीतच लिहीन. १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले, प्रस्तावना लिहिल्या, आणि इंग्रजीत लिहून नाव मिळवण्याचा मोह आयुष्यभर बाजूला ठेवला. ज्याला गरज असेल तो मराठी शिकेल, असा त्यांचा बाणा. हा बाणा पोकळ ठरला म्हणावे तर यदुनाथ सरकार डोळ्यांपुढे येतात. त्या बंगाली इतिहासकाराने फारसीबरोबर मराठीही आत्मसात केली, कारण मराठी कागदांवाचून शिवाजी महाराजांचे चरित्र पुरे होणार नव्हते. दुसरे उत्तर रियासतकार सरदेसायांचे. मराठी रियासतीचे खंडामागून खंड त्यांनी मराठी वाचकांना दिले, आणि ऐंशीच्या घरात आल्यावर १९४६ ते १९४८ या काळात मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत लिहिला. त्या वयात दुसऱ्या भाषेत पुन्हा सारे सांगायचे म्हणजे काय, हे लिहिणारालाच कळेल.

कोणाचे बरोबर? पूर्वी मी बेधडक राजवाड्यांच्या बाजूने हात वर केला असता. आजही मन तिकडेच ओढ घेते. पण राजवाड्यांचा बाणा परवडायला राजवाड्यांचे दप्तर हवे. कागद इतके मोलाचे असले पाहिजेत की सरकारांसारख्याला भाषा शिकणे भाग पडेल. हाताशी असे घबाड नसलेल्या साध्या संशोधकाने तो बाणा धरला तर कोणी बंगाली, कोणी जर्मन त्याच्या दारात यायचा नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी अमेरिकेत राहून जातिसंस्थेवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, १९०९ साली तो निघाला, आणि मग घरी येऊन तेवीस खंडांच्या मराठी ज्ञानकोशात त्यांनी स्वतःला अक्षरशः झिजवले. खंड विकण्यासाठी गावोगाव हिंडले. (कादंबऱ्या लिहिल्या त्या निराळ्याच, आम्हा कादंबरीकारांच्या पंगतीत ते बसतात याचा मला अभिमान आहे.) त्यांचा इंग्रजी ग्रंथ बाहेरचे लोक अजून चाळतात, ज्ञानकोश आम्हीही फारसा उघडत नाही. तेव्हा नुसते मराठीत लिहून भागत नाही, मराठीत वाचणारेही लागतात, हे आपल्यावरचे देणे आपण विसरून चालणार नाही.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते ते डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांचे उदाहरण. मावळातल्या निगडे गावी १९३० साली जन्मलेला हा माणूस, लहानपणीच आईबाप गेलेले, पुण्यात येऊन पडेल ते काम करीत शिकला. लोकदैवते, नाथसंप्रदाय, दत्तसंप्रदाय यांवर त्यांनी जन्मभर लिहिले ते मराठीत. १९८४ साली त्यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ आला. पंढरपूरचा विठोबा मुळात गोपाळ-धनगरांचा देव कसा होता, पट्टणकोडोलीसारख्या ठिकाणी विठ्ठल आणि बिरोबा ही जोडी अजून कशी नांदते, कर्नाटक व आंध्र यांच्याशी त्याचे धागे कसे जुळतात, याचा तो शोध होता. १९८७ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. इंग्रजीत तो ग्रंथ यायला २०११ साल लागले. सत्तावीस वर्षे! ॲन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषींनी त्याचे भाषांतर केले. त्यांचे मराठी अर्थातच जन्माचे नव्हे, शिकून मिळवलेले आहे. महानुभावांच्या जुन्या मराठीत शिरलेल्या या बाईंना अवघड वाक्यांचे भय नव्हते.

आता दुसरी बाजू पाहा. गुंथर सोन्थायमर हे जर्मन पंडित त्याच काळात धनगरांच्या वाड्यांवरून, खंडोबा-बिरोबाच्या यात्रांतून हिंडत होते, ओव्या टिपून घेत होते. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांवरचा त्यांचा ग्रंथ १९७६ साली जर्मनमध्ये निघाला व १९८९ मध्ये इंग्रजीत आला; भाषांतरकार पुन्हा फेल्डहाउसबाईच. एकाच रानातून निघालेल्या या दोन पायवाटा. ढेरे मराठीत लिहीत होते, तेव्हा युरोपातल्या बहुसंख्य अभ्यासकांना ते बंद होते. सोन्थायमर जर्मनमध्ये लिहीत होते, तेव्हा आमच्या मास्तरांना आणि धनगरांना ते बंद होते. सोन्थायमर यांचे मोठेपण हे की मराठी माणसांशी ते मराठीत बोलत. १९९२ साली ते गेले तेव्हा पुण्यात अनेकांना घरचा माणूस गेल्यासारखे वाटले, ते उगीच नव्हे. तरीही गोष्ट उरतेच: धनगराने मराठीत ओवी म्हटली, तिचा अर्थ जर्मनमध्ये लागला, जर्मनचा इंग्रजीत गेला, आणि ज्याच्या बापाने ती ओवी म्हटली त्या शिकलेल्या पोराला आपल्या देवाचा शोध इंग्रजीतून घ्यावा लागला. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांना ते वाचता यावे, निदान हे खोटे आहे असे म्हणण्यापुरते तरी यावे, हा त्यांचा हक्क आहे की नाही? मला तर हा विद्वत्तेतला साधा सचोटीचा भाग वाटतो. दुसऱ्याच्या घरातली वस्तू पाहायला नेली तर ती परत आणून दाखवावी.

इथे एका स्नेह्याची हकिगत सांगतो. ते आमच्याच शाळेत विज्ञान शिकवीत. शाळेमागच्या ओढ्यावर शिंदीची झाडे आहेत, त्यांवर सुगरणींची वसाहत असते. पहिला पाऊस कधी पडला, नराने पहिले घरटे कधी विणायला घेतले, मादीने अर्धे झालेले घरटे पाहून नापसंत केले की त्याने ते तसेच सोडले काय, याची नोंद या गृहस्थांनी सतरा वर्षे ठेवली. कोणाच्या तरी आग्रहावरून त्यांनी इंग्रजीत लेख लिहून एका पत्रिकेकडे पाठवला. तो परत आला. निरीक्षणांविषयी चकार शब्द नाही. मजकूर आधी इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा, एवढेच. तशी व्यक्ती आमच्या तालुक्यात कोठून असणार? शेवटी शहरातल्या एका गृहस्थांनी पानामागे पैसे घेऊन लेख सुधारून दिला. मी तो पाहिला आहे. वाक्ये इस्त्री केल्यासारखी दिसत होती. गुरुजींनी तो दोन रात्री वाचला आणि तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, “यात माझा ‘बहुधा’ नाही.”

त्यांनी लिहिले होते की पाऊस लांबला तर नर बहुधा जुन्या घरट्याचे धागे काढून वापरतो. सुधारणाऱ्याने तो अडखळणारा शब्द भाषेचा दोष समजून काढून टाकला होता. वाक्य सुरेख झाले आणि खोटे झाले. “मी ते पाचच वेळा पाहिलंय हो,” गुरुजी म्हणाले. त्यांनी तो ‘बहुधा’ परत घालायला सांगितला. उत्तर आले की तसे वाक्य कमकुवत दिसेल. लेख पुन्हा गेला नाही.

यावर कोणी म्हणेल, गुरुजींनी हट्ट केला, एका शब्दासाठी सतरा वर्षे वाया घालवली. मला तसे वाटत नाही. शंका सांगायला भाषेत जेवढे कसब लागते तेवढे खात्री सांगायला लागत नाही. परक्या भाषेत माणूस ठाम बोलतो, कारण ठाम वाक्ये सोपी असतात. ‘असावे’, ‘असेलही’, ‘निदान आमच्याकडे तरी’ या छटा शेवटी येतात, किंवा येतच नाहीत. आणि संशोधनाची सचोटी नेमकी त्या छटांत राहते. अशा लेखकाला भाषेची मदत देणे हे म्हणूनच धर्मादाय काम नव्हे. लेख छापणाऱ्याच्या सत्यनिष्ठेचाच तो भाग आहे. ज्याला ज्ञान हवे आहे त्याने भाषांतराचा खर्च आपल्या वहीत मांडावा. हे अशक्य आहे असेही नाही. ब्राझीलमध्ये १९९८ पासून सायेलो नावाचा उपक्रम चालू आहे. तेथे पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतले शास्त्रीय लेख सर्वांना विनामूल्य वाचता येतात, आणि त्यामुळे कोणाचे शास्त्र बुडाल्याचे ऐकिवात नाही. आता यंत्रेही क्षणात भाषांतर करून देतात. देईनात बापडी. पण यंत्राच्या हातून ‘बहुधा’ सुटला, हे ज्याला ती दुसरी भाषा येते त्यालाच कळणार.

स्वतः बोसबाबूंनी पुढे काय केले? जगाने डोक्यावर घेतल्यावर १९४८ साली त्यांनी कलकत्त्यात बंगीय विज्ञान परिषद काढली आणि बंगालीतून विज्ञानाचे मासिक चालवले. ज्याचा लेख आइन्स्टाइनने उचलून नेला, तो माणूस घरी येऊन आपल्या लोकांचे ओझे उचलू लागला.

हे सारे लिहिताना मराठीचा वकील होणे फार सोपे आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले, मीही खाल्ले. पण आपल्या दाराशी कोण उभे आहे तेही पाहायला हवे. सातशे वर्षांपूर्वी केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले; असे लिहिलेत तर माझ्या म्हाताऱ्या बायकांना ते मिळायचे नाही, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे स्मृतिस्थळात नोंदले आहे. पंडिताने पंडितासाठी न लिहिता म्हातारीसाठी लिहावे, ही आमच्या भाषेची पुण्याई. आणि त्याच महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत कुलूपबंद केले, ते विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी उलगडीपर्यंत तसेच राहिले. त्यांच्यावर काय प्रसंग होता त्याचा न्याय मी करीत नाही. परंतु दार उघडणारेच दार लावून घेऊ शकतात, एवढे त्यातून दिसते. गडचिरोलीत गोंडी बोलणारे मूल, मेळघाटात कोरकू बोलणारे मूल पहिलीत येते तेव्हा मराठी त्याच्यापुढे जशी उभी राहते, तशी इंग्रजीही आपल्यापुढे उभी राहत नाही. आपण निदान मोठे होऊन तिच्यापाशी जातो.

गुरुजी आता निवृत्त झाले आहेत. त्यांच्या वह्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत, मी परवाच चाळल्या. प्रत्येक पानावर आखून तीन रकाने केले आहेत. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात मराठीत नोंद. तिसऱ्यात ओढ्यापलीकडच्या कातकरी वाडीतल्या मुलांनी सांगितलेले शब्द आहेत: घरट्याच्या नळीला काय म्हणतात, सोडून दिलेल्या अर्ध्या घरट्याला काय, पाऊस लांबल्यावर नर जो आवाज काढतो त्याला काय. काही ठिकाणी तिसरा रकाना भरलेला आहे आणि त्यासमोर मराठीच्या रकान्यात गुरुजींनी एक रेघ ओढून जागा मोकळी सोडली आहे. आपल्याकडे शब्द नाही म्हणून.